कंपालातल्या गाठी आणि सगळ्यांच्या लाळेतला विषाणू

कॅन्सर विषाणूमुळे होऊ शकतो, हे कोंबड्यांच्या बाबतीत पेटन राउस यांनी 1911 मध्येच न्यूयॉर्कमध्ये दाखवलं होतं. नोबेल मिळायला त्यांना 1966 साल उजाडावं लागलं. माणसाचा पुरावा आला तो युगांडातून.

1957 मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जननी एक लहान मुलगा तपासला. जबड्याच्या चारही बाजूंना कॅन्सरच्या गाठी. काही आठवड्यांनी युगांडातल्याच जिंजा गावाच्या रुग्णालयात सहज खिडकीबाहेर नजर गेली, तर तसाच सुजलेला चेहरा! लहानपणीच एक डोळा गमावलेल्या या माणसाचं निरीक्षण भलतंच तीक्ष्ण होतं. 1961 मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन जुन्या फोर्ड गाडीतून ते सुमारे 16,000 किलोमीटर हिंडले, वाटेतल्या रुग्णालयांत फोटो दाखवत, ‘असा रुग्ण पाहिलात का?’ एवढंच विचारत. उत्तरं नकाशावर मांडली तेव्हा दिसलं, की आजार उष्ण, भरपूर पावसाच्या, म्हणजे मलेरियाच्याच पट्ट्यात आहे.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन हे संशोधक या गाठींमागे विषाणू असेल म्हणून त्याच्या मागे लागले. गाठींचे नमुने विमानाने कंपालाहून येत. दोन वर्षं हाती काहीच नाही. डिसेंबर 1963 मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवलं गेलं आणि नमुना पोचला तो गढूळ होऊन. जंतू झाले असतील, फेकूनच द्यायचा. पण एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली गेला. प्रवासात हिंदकळून गाठीतल्या पेशी सुट्या झाल्या होत्या, आणि जिवंत होत्या. त्या वाढवल्यावर 1964 मध्ये त्यांत नागिणीच्या विषाणूच्या कुळातला एक नवा विषाणू दिसला: एपस्टाइन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नावांवरून एपस्टाइन-बार. शोधनिबंधातलं आणखी एक नाव, त्रिनिदादचे बर्ट अचाँग, विषाणूच्या नावात मात्र नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. हा विषाणू डासांतून नव्हे, लाळेतून पसरतो आणि जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. मग गाठी आफ्रिकेतल्या मुलांनाच का? कारण तिथे जोडीला मलेरिया आहे. वारंवार ताप येऊन प्रतिकारयंत्रणा विस्कटते, आणि ज्या पांढऱ्या पेशींत हा विषाणू दडतो त्याच भराभर वाढू लागतात. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंगकडे हाच विषाणू नाक-घशाच्या कॅन्सरमध्ये सापडतो. तिथे लहानपणापासून पानात असलेली खारवलेली मासळी आणि आनुवंशिकता यांचा वाटा आहे. भारतात हा कॅन्सर एरवी क्वचितच दिसतो, नागालँडमध्ये मात्र त्याचं प्रमाण मोठं आहे.