जुन्या गोदीतला गाळ: नमुना-तपासणी आणि परवान्याचा अर्ज

उपसलेला गाळ समुद्रात टाकायचा असेल, तर 1996 चा लंडन प्रोटोकॉल (समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) स्वीकारलेल्या देशांत परवाना लागतो आणि त्याआधी गाळाची तपासणी. नमुना-योजना आधी मंजूर करून घ्या, मगच बोट पाण्यात घाला. मंजुरीविना घेतलेले नमुने नाकारले गेले तर बोटीपासून प्रयोगशाळेपर्यंतचा सगळा खर्च दुसऱ्यांदा येतो.

अर्ज सहसा गोदीच्या मालकाचा असतो. भाडेपट्टेदाराने मालकाचे संमतिपत्र जोडावे, ठेकेदाराने अधिकारपत्र.

प्रदूषणाच्या स्रोतापासून दूरची वाळू, खडी किंवा खडक असेल तर तपासणीत सूट मिळू शकते. जुन्या गोदीसाठी ती मागण्यात वेळ दवडू नका. जहाजांच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिन (टीबीटी) या विषारी संयुगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 साली अमलात आला. त्याआधीचे टीबीटी गाळात बसलेलेच असते. जोडीला तांबे, शिसे, पारा, पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांतल्या तेलातली क्लोरीनयुक्त संयुगे), पीएएच (तेल, डांबर व अर्धवट ज्वलनातून येणारी संयुगे).

अर्जासोबत उपसायचे घनमीटर व खोली, ताजा खोली-मोजणी नकाशा, नमुन्यांच्या जागांचे अक्षांश-रेखांश आणि गोदीचा इतिहास द्यावा. इतिहास दोन ओळींत उरकू नका. जहाजांचा रंग कुठे खरवडला जाई, तेल कुठे उतरे, सांडपाण्याचे तोंड कुठे होते, हे जुन्या नकाशांवरून दाखवा. नमुन्यांच्या जागा त्यावरूनच ठरतात. किती जागा? ईशान्य अटलांटिकच्या सागरी पर्यावरणासाठी झालेल्या ऑस्पार कराराच्या मार्गदर्शिकेत 25,000 घनमीटरपर्यंत 3, एक लाखापर्यंत 4 ते 6, पाच लाखांपर्यंत 7 ते 15.

सगळ्यात जास्त घोटाळा खोलीचा होतो. ग्रॅबने (तळाचा गाळ उचलणाऱ्या पंजाने) वरचा थोडाच थर हाती येतो आणि जुने विष बहुधा त्याखाली दडलेले असते. म्हणून उपशाच्या पूर्ण खोलीपर्यंत कोअर घ्या, म्हणजे नळी खुपसून गाळाचा उभा गाभा काढा. नळी 2 मीटर आत गेली आणि गाभा 1.4 मीटरच निघाला, तर दोन्ही आकडे लिहा. गाळ नळीत दबतो, कधी तळातून निसटतो. नोंद नसेल तर कुठला थर किती खोलीवरचा, हे ठरवता येत नाही.

धातूंसाठीचा नमुना प्लास्टिकच्या डब्यात, सेंद्रिय प्रदूषकांसाठीचा काचेच्या बरणीत. अंधारात, 4 अंशांच्या आसपास ठेवा. गोठवायचा असेल तर बरणी काठोकाठ भरू नका, तडकते. नमुना कोणी, कधी, कोणाकडे दिला याची सलग नोंद जोडा. परवान्यासाठी प्रत्येक प्रदूषकाच्या दोन पातळ्या ठरलेल्या असतात, खालची आणि वरची. प्रयोगशाळेची मोजणी-मर्यादा (तिला मोजता येणारी सर्वांत कमी मात्रा) खालच्या पातळीपेक्षा कमी आहे ना, हे आधीच विचारा. नाहीतर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ राहत नाही.

निकाल खालच्या पातळीखाली असेल तर वाट बहुधा मोकळी. दोन पातळ्यांच्या मधला असेल तर जैविक चाचण्या (गाळाचा सजीवांवर काय परिणाम होतो ते पाहणाऱ्या) मागितल्या जातात. वरची पातळी ओलांडली, तर तो थर वेगळा काढून जमिनीवरच्या विल्हेवाटीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.