रंगवलेला कुत्रा, छापलेला कुत्रा: जुनं तैलचित्र आणि ओलिओग्राफ

पॉइंटर, सेटर, फॉक्सहाउंड, स्पॅनियल. इंग्लंडमधली शिकारी कुत्र्यांची जुनी चित्रं विकायला येतात तेव्हा एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू येतात. एक म्हणजे कॅनव्हासवर कुंचल्यानं रंगवलेलं तैलचित्र. दुसरा ओलिओग्राफ, म्हणजे तेलकट शाईत कागदावर छापलेलं, वरून कॅनव्हासची वीण दाबून उठवलेलं आणि वार्निश मारून सोनेरी चौकटीत बसवलेलं चित्र. दोन्ही सव्वाशे वर्षांची असू शकतात, दोन्ही सारखीच पिवळी पडतात. तेव्हा ‘जुनं आहे का’ हे विचारून काही हाती लागत नाही. रंगवलंय की छापलंय, ते पाहायचं.

यातली दुसरी वस्तू मराठी घरांना अनोळखी नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे देवघरापर्यंत पोचल्या, त्या ओलिओग्राफच होत्या. तंत्र तेच, विलायतेत देवीच्या जागी सेटर.

कुत्र्यांच्या बाबतीत हा घोळ का वाढला, तेही समजण्यासारखं आहे. अठराव्या शतकात जॉर्ज स्टब्ज एखाद्या जमीनदारासाठी त्याचा आवडता हाउंड रंगवायचा. ब्रॉकल्सबीच्या शिकारी कळपातल्या ‘रिंगवूड’ या फॉक्सहाउंडचं त्याचं चित्र १७९२ चं. एक कुत्रा, एक गिऱ्हाईक, एक चित्र. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एडविन लँडसियरनं कुत्र्यांना घरोघरी नेलं. त्याचं १८३९ चं ‘डिग्निटी अँड इम्प्युडन्स’, म्हणजे धीरगंभीर ब्लडहाउंड आणि शेजारी आगाऊ टेरियर, आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लोकांच्या भिंतींवर मात्र ते छापील रूपातच पोचलं. १८७३ साली कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला, कुत्र्यांची प्रदर्शनं वाढत गेली आणि जॉन एम्स, मॉड अर्ल यांच्यासारख्या चित्रकारांना भरपूर कामं मिळाली. ज्यांना चित्रकार परवडत नव्हता त्यांच्यासाठी छापखाने होतेच.

ओलिओग्राफ कसा बनतो हे एकदा कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. हे शिळाछापाचं काम, म्हणजे दगडावर चित्र उमटवून त्यावरून छापायचं: प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड. एका चित्राला दहा-पंधरा दगड सहज लागायचे. एकावर एक छपाई जुळवत न्यायची आणि सगळे रंग वाळले की शेवटी कागदावर वीण किंवा कुंचल्याच्या रेघा दाबून उठवायच्या. मग कागद पुठ्ठ्यावर किंवा खऱ्या कॅनव्हासवर चिकटवायचा आणि वार्निश मारायचं. यात मोक्याची गोष्ट अशी की उंचवटा सगळ्यात शेवटी आला, आणि चित्रात काय आहे हे त्याला ठाऊकच नाही. तैलचित्रात उंचवटा म्हणजे खुद्द रंग. चित्रकारानं जिथे जोर दिला तिथेच तो उठतो.

म्हणून पहिली तपासणी टॉर्चची. खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या बाजूला जवळजवळ समांतर धरा, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. आता कुत्र्याचा डोळा पाहा. तैलचित्रात बुबुळावरची चमक बहुधा पांढऱ्या रंगाचा एकच टिपका असते, कुंचला टेकवून उचललेला. आडव्या प्रकाशात त्याची एक कड उजळते आणि दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली पडते. नाकाच्या ओल्या टोकावर, गळपट्ट्याच्या पितळी कडीवर, मिशांच्या पांढऱ्या केसांवर तोच प्रकार. उलट पोटाखालची सावली, मागची झाडी इथे रंग पातळ असतो आणि खालचे धागे डोकावतात. उजळ भाग जाड, गडद भाग पातळ, हा त्या काळच्या बहुतेक चित्रकारांचा रिवाज.

ओलिओग्राफमध्ये तीच चमक सपाट असते. बऱ्याचदा तो फक्त न छापलेला कागद असतो. वीण मात्र डोळ्यावरून, नाकावरून, गवतावरून आणि आभाळावरून एकसारखी, कुठेही न थबकता जाते. कुंचल्याच्या रेघा उठवलेल्या असतील तर त्या कानाची कड ओलांडून सरळ पार्श्वभूमीत घुसतात. कोणताही चित्रकार तसा हात फिरवणार नाही.

दुसरी तपासणी दहापट भिंगाची, आणि ती तपकिरी ठिपका पांढऱ्या अंगाला भिडतो त्या सीमेवर. रंगवलेल्या चित्रात तिथे केस दिसतात: ओल्या तपकिरीतून ओढून आणलेला पांढरा, अर्धवट मिसळलेला, एक फटकारा दुसऱ्यावर चढलेला. छापील चित्रात रंग मिसळत नाहीत, शेजारी-शेजारी राहतात. दगडाच्या दाण्यासारखे वेडेवाकडे गुलाबी, पिवळट, करडे ठिपके दिसतात. एखादा दगड केसभर सरकला असेल तर कडेला रंगाची झालर सुटलेली असते. ठिपके अगदी शिस्तीत, फुलांच्या नक्षीसारखे बसले असतील तर ती ऑफसेटसारखी नंतरची यांत्रिक छपाई. आणि रंगांचा बारीक फवारा उडाल्यासारखा दिसला तर ते कॅनव्हासवर काढलेलं हल्लीचं इंकजेट प्रिंट. त्यावर कोणी पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असले तरी.

इथवर सोपं आहे. फसगत होते ती पुढे. जुन्या तैलचित्राचा कॅनव्हास कुजला की त्यामागे नवा कॅनव्हास चिकटवून आधार देण्याची पद्धत होती, आणि ती करताना उष्णता आणि दाब दोन्ही वापरले जायचे. दाब जास्त झाला की रंगाचे उंचवटे चेपतात, खालची वीण वर उमटते आणि अस्सल चित्र छापील वाटायला लागतं. अशा वेळी टॉर्चवर निकाल देऊ नका, भिंगाचं ऐका. चेपलेला रंगसुद्धा फटकाऱ्यांनीच लावलेला दिसतो.

याच्या नेमकी उलट लबाडी म्हणजे ओलिओग्राफवर मोजक्या जागी खरा तैलरंग लावणं. डोळ्यात चमक, मिशा, गळपट्टा, झालंच तर सही. पाहणारा नेमका तिथेच पाहतो, हे लावणाऱ्याला पक्कं माहीत असतं. म्हणून भिंग घेऊन कंटाळवाण्या जागी जा: मागच्या पायामागचं गवत, खालचा कोपरा, आभाळाची कड. तिथे रंग लावायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अतिनील टॉर्चवर विकणाऱ्यांचा फार भर असतो. नैसर्गिक राळेचं जुनं वार्निश त्या उजेडात हिरवट चमकतं हे खरं. पण ओलिओग्राफवरही तसलंच वार्निश असतं, तोही तितकाच हिरवा दिसतो. हा दिवा नंतरची डागडुजी शोधायला उत्तम, कारण वार्निशावर नंतर लावलेला रंग काळपट दिसतो. या प्रश्नावर मात्र तो गप्प.

सगळ्यात स्पष्ट बोलते ती जखम. चौकटीच्या काठाशी रंग उडालेली जागा शोधा. तैलचित्रात रंगाची खपली तुटलेली दिसते, तिच्याखाली पांढरट अस्तर आणि मग धागे. ओलिओग्राफमध्ये खरवडलेल्या जागी कागदाचे मऊ तंतू वर आलेले असतात, ओलीनं फुगे धरलेले असतात किंवा कसरीनं वरवर कुरतडल्याच्या वेड्यावाकड्या वाटा असतात. चित्र चौकटीतून काढता आलं तर कॅनव्हास लाकडावर वळतो ती कड पाहा. चिकटवलेल्या कागदाचा पापुद्रा तिथे हमखास उघडा पडतो. पाठ मात्र एकटीनं काही सिद्ध करत नाही. खरा कॅनव्हास, गंजलेल्या चुका, कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हे सगळं ओलिओग्राफच्या मागेही सापडतं.

चौकटीवर ‘लँडसियर’ लिहिलेली पितळी पट्टी असेल तर ती चौकटीची, चित्राची नव्हे. लिलावाच्या यादीतले शब्द मात्र नीट वाचा. ‘आफ्टर लँडसियर’ म्हणजे त्याच्या चित्रावरून कोणीतरी केलेली नक्कल. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या ढंगाचं, तेही बहुधा पुढच्या काळातलं. ‘बेअर्स सिग्नेचर’ म्हणजे सही आहे, पण लिलावघराच्या मते ती दुसऱ्याच कोणाच्या हातची असावी. ‘ओलिओग्राफ’ असं सरळ छापलेलं असेल तर विकणारा प्रामाणिक आहे. पैसे चौकटीचे समजून द्यावेत, कारण पुष्कळदा तीच जास्त मोलाची असते.

ओळख पटवायची ती साफसफाईच्या आधी. ॲसिटोन किंवा स्पिरिटचा बोळा दोन्ही ठिकाणी घातक: तैलचित्रावर वार्निशासोबत वरचे पातळ थर, म्हणजे नेमके केसांचे शेवटचे फटकारे निघून जातात आणि ओलिओग्राफवर शाई उठून खाली कागद उघडा पडतो. ओलं फडकंही नको. पाण्यानं तैलचित्राखालचं सरसाचं अस्तर फुगून रंग सुटतो, ओलिओग्राफचा कागद खळीपासून सुटून फुगतो. रंग कुठे सुटलेला नसेल तर मऊ, कोरडा ब्रश वरून खाली हलक्या हातानं फिरवा, तेवढंच घरी करण्याजोगं. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत बाहेरच्या भिंतीवर दोन्हींपैकी काहीच टांगू नये. दुसरी भिंतच नसेल तर चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि बुरशी निदान उशिरा धरते.