भरतीचे पाणी आणि अवकलजाचे चिन्ह

अपोलो बंदरावर पाणी कोणत्या पायरीला लागले आहे, एवढे पाहून भरती चालू आहे की ओहोटी, हे सांगता येत नाही. कारण पाणी चढताना ज्या पायरीला लागते, त्याच पायरीला ते उतरतानाही लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात मधल्या पातळ्या पाणी दोनदा गाठते. मुसळधार पावसात शहरातले पाणी समुद्रात जायचे असते, तेव्हा पाणी चढते आहे की उतरते आहे हाच प्रश्न कळीचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर अवकलज देतो. फलन म्हणजे एका राशीवर अवलंबून बदलणारी दुसरी राशी, जशी वेळेनुसार बदलणारी पाण्याची पातळी; अवकलज म्हणजे फलनाच्या बदलाचा त्या क्षणीचा दर. एखाद्या अंतरालात, म्हणजे संख्यारेषेच्या सलग तुकड्यात, तो सर्वत्र धन असेल तर फलन तिथे वाढते आणि सर्वत्र ऋण असेल तर घटते. क्ष³ − ६क्ष² + ९क्ष हे फलन घेऊ. त्याचा अवकलज ३क्ष² − १२क्ष + ९, म्हणजेच ३(क्ष − १)(क्ष − ३), आणि तो १ व ३ येथे शून्य होतो. या दोन बिंदूंनी संख्यारेषेचे तीन भाग पडतात. प्रत्येकातली एकच संख्या घालून पाहिली तरी पुरते. ० ला अवकलज ९, २ ला −३ आणि ४ ला पुन्हा ९ येतो. म्हणून फलन १ पर्यंत वाढते, ३ पर्यंत घटते आणि नंतर वाढतच जाते. १ येथे त्याची किंमत ४ आहे, ३ येथे ०. एक शिखर, एक तळ.

अवकलज शून्य झाला म्हणजे वळण आलेच, असे मात्र नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. चर्चगेटहून निघालेल्या लोकलचे चर्चगेटपासूनचे अंतर हे फलन मानले, तर तिचा वेग हा त्याचा अवकलज. दादरला गाडी थांबते, वेग शून्य होतो, पण नंतर ती पुढेच जाते. विरारलाही वेग शून्यच होतो, मात्र तिथून ती परतीला लागते आणि वेगाचे चिन्ह ऋण होते. क्ष³ हे फलन ० येथे दादरसारखे वागते, फक्त थांबणे एकाच बिंदूपुरते. म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंची चिन्हे तपासावीच लागतात.

चिन्हावर एवढा भरवसा का ठेवता येतो? गणितज्ञ लाग्रांज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यमान प्रमेयानुसार, प्रवासातल्या कोणत्याही दोन क्षणांमधला सरासरी वेग गाडीचा मधल्या एखाद्या क्षणी प्रत्यक्ष वेग असतोच. गाडी आधीपेक्षा चर्चगेटच्या जवळ आलेली दिसली, तर सरासरी ऋण, म्हणजे मध्ये कधीतरी वेगही ऋण होता. वेग सतत धन असेल तर असे घडणे अशक्य आहे. हा युक्तिवाद अखंड अंतरालातच चालतो: १/क्ष चा अवकलज जिथे आहे तिथे सर्वत्र ऋण आहे, तरी −१ ला किंमत −१ आणि १ ला १, कारण मधल्या ० वर फलनच नाही.