सीटी रिपोर्टमध्ये ‘मणक्यांच्या नळीत हवा’ असे लिहिले असेल तर

आमच्या स्कॅन केंद्राच्या रिपोर्टमध्ये ‘न्यूमोरॅकिस’ (म्हणजे मणक्यांच्या नळीत हवा) हा शब्द फार क्वचित येतो. पण आला की रुग्णापेक्षा नातेवाईक जास्त घाबरतात. म्हणून हे पत्रक.

मज्जारज्जू मणक्यांच्या नळीत असतो आणि तिथे एरवी हवा नसते. सीटीवर हवा ठार काळी दिसते, त्यामुळे लहानसा बुडबुडाही सहसा नजरेतून सुटत नाही. साध्या एक्स-रेवर तो बहुधा कळत नाही.

खरा प्रश्न, ही हवा आली कुठून? कंबरेत एपिड्युरल भूल दिली असेल, पाठीतले पाणी काढले असेल किंवा मणक्याचे ऑपरेशन झाले असेल, तर थोडी हवा आत राहू शकते. पण कुठेही सुई न टोचता हवा दिसली, तर छातीकडे पाहावे लागते. दम्याचा जोराचा झटका, अनावर खोकला किंवा सारख्या उलट्या यांच्या ताणाने फुप्फुसातले वायुकोश फुटतात. हवा रक्तवाहिन्यांच्या कडेने छातीच्या मध्यभागी येते, मानेकडे चढते आणि नसा बाहेर पडण्याच्या छिद्रांतून नळीत शिरते. अशा रुग्णाच्या मानेवर बोट दाबले तर कातडीखाली चुरचुर जाणवू शकते.

हवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर असेल तर बहुतेक वेळा ती काही दिवसांत आपोआप शोषली जाते. उपचार मूळ कारणावर होतात; गरजेप्रमाणे ऑक्सिजन देतात. अपघातानंतर आवरणाच्या आत हवा दिसली, तर मात्र कवटीच्या तळाचे किंवा मणक्याचे हाड मोडले आहे का, हे तातडीने तपासावे लागते. तिथून जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो.

पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी अडणे, ताप येऊन मान आखडणे, धाप वाढणे, यांपैकी काहीही झाले तर रिपोर्ट घेऊन थेट रुग्णालय गाठा. एरवी तो स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

हवा गेली का, हे केवळ मनाच्या समाधानासाठी पाहायला पुन्हा सीटी करू नका. त्यात विनाकारण किरणोत्सर्ग होतो. डॉक्टरांनी सांगितले तरच या, आणि जुनी फिल्म सोबत आणा. विमानप्रवासाआधीही त्यांना विचारा. एखादे ऑपरेशन ठरले असेल तर भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट आवर्जून दाखवा, कारण भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू अडकलेल्या हवेत शिरून तिचा आकार वाढवतो.