डिरेलरवरची अक्षरे फ्रेमचे साल सांगत नाहीत

जुन्या जपानी रोड सायकलींबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: मागच्या डिरेलरवरची (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागावरची) दोन अक्षरे वाचली की सायकलचे साल कळते. तसे नाही. ती अक्षरे फक्त त्या भागाचा जन्म सांगतात. शिमानो या जपानी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९७६, म्हणून ‘एचसी’ म्हणजे मार्च १९८३. पण डिरेलर हा सहज बदलला जाणारा भाग. क्रँक (पेडलचे दांडे), ब्रेक आणि दोन्ही डिरेलर एकाच सुमाराचे निघाले, तरच मी त्या तारखेवर भरवसा ठेवीन. तेव्हाही फ्रेम काही महिने मागेपुढे असू शकते.

फ्रेमचा क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीच्या तळाशी, कोरलेला असतो. तो वाचायचे एकच सूत्र सगळ्या जपानी सायकलींना लागू पडत नाही, हेही लोक विसरतात. मियाता या जपानी सायकल कंपनीच्या क्रमांकात पहिले अक्षर साल देते, ‘ए’ १९७२ पासून, म्हणजे ‘एम’ १९८४. निशिकी, सेंच्युरियन, युनिवेगा ही तर अमेरिकी विक्रेत्यांची नावे. सायकली बनवणारे जपानी कारखाने वेगळे, म्हणून त्यांच्या क्रमांकांची रीतही वेगळी.

मागच्या फोर्कमधले, म्हणजे मागचे चाक बसते तिथले फ्रेमच्या दोन बाजूंमधले, अंतर मोजाच. १२० मिलिमीटर असेल तर फ्रेम बहुधा पाच गिअरच्या काळातली, १२६ असेल तर सहा-सातच्या. कोणी ओढून रुंद केली नसेल, तर हा पुरावा चाकासोबत बदलत नाही.