पाचवी-आठवीत मूल नापास झालं, पुढे काय?

निकालपत्रकावर ‘अनुत्तीर्ण’ वाचलं की काही पालक घाबरून शाळेचा दाखलाच काढून घेतात. कृपया एवढी घाई करू नका. मुलाला अजून एक परीक्षा देता येते आणि तो त्याचा कायदेशीर हक्क आहे.

2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 बदललं. तेव्हापासून पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा घ्यावीच लागते. पुनर्परीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचं का, हे राज्यांवर सोडलं होतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून ‘ठेवायचं’ असं ठरवलं. प्रत्येक विषयात 35 टक्के हवेत, म्हणजे पाचवीला 50 पैकी 18 आणि आठवीला 60 पैकी 21.

निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा झाली पाहिजे. निकाल 2 मे रोजी लागला, तर 2 जुलैच्या आत. त्याआधी मुलाला जादा मार्गदर्शन देणं शाळेवर बंधनकारक आहे, आणि नेमकी हीच गोष्ट सुट्टीच्या गडबडीत राहून जाते. म्हणून निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना विचारा: जादा तास कधी, कोण घेणार, परीक्षा कोणत्या तारखेला? उत्तर लेखी मागा. पुनर्परीक्षेला बसण्यासाठी पालकांनी अर्ज करावा, अशी अट कायद्यात नाही.

पुनर्परीक्षेतही मूल नापास झालं, तर ते त्याच वर्गात पुन्हा बसेल. पण आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. ‘दुसरी शाळा बघा’ असं कुणी सुचवलं तरी दाखला काढण्याच्या कागदावर सही करू नका.

शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार थेट सहावी ते आठवीत प्रवेश हवा असेल, तर आधी पाचवीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नाहीतर पाचवीत प्रवेश मिळतो.

गुणांबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिका दाखवण्याची विनंती आधी शाळेतच करा. सरकारी किंवा अनुदानित शाळेने नकार दिला, तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. मात्र उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तेव्हा थांबून राहू नका.

पुनर्परीक्षा किंवा जादा तास नाकारले, तर कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा; तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीसोबत निकालपत्रकाची प्रत आणि शाळेशी झालेला पत्रव्यवहार जोडा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.