बहात्तर साली कुठं होता हवामान बदल?

सीनेच्या पुरानं यंदा मोहोळ तालुक्यात ज्वारीचा पेरा लांबला, त्यामुळे हुरडाही लांबला. जानेवारी संपता संपता एका स्नेह्यांच्या वस्तीवर आम्ही आठ-दहा जण आगटीभोवती बसलो होतो. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली जात होती, तळहातावर चोळून दाणे मोकळे होत होते, सोबत शेंगाचटणी आणि दही. बोलता बोलता विषय पुरावर आला आणि पुरावरून हवामान बदलावर. मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, त्यामुळे मी चार वाक्यं जास्त बोललो. तेव्हा अंगावर चादर घेऊन बसलेले तात्या म्हणाले, "सर, बहात्तर साली आमी खडी फोडली. लाल मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. जनावरं दावणीला मेली. तवा कुठं होता तुमचा हवामान बदल?"

माना डोलल्या. प्रश्न रास्त होता. सोलापूर जिल्ह्यात या विषयावर जो वाद होतो, तो बहुतेक वेळा याच वाक्यापासून सुरू होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला सर्वात मोठा वाटा सप्टेंबरचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी सरकारी कोठारं उघडली, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आणि 1972 चा दुष्काळ, दोन्ही वेळी प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याची नैसर्गिक घटना, जोरात होता. म्हणजे तात्यांचं म्हणणं खरं आहे. दुष्काळ माणसानं आणलेला नव्हता.

पण त्यातून आजचा हवामान बदलही माणसामुळे नाही असा जो निष्कर्ष काढला जातो, तो निघत नाही. मी तात्यांना त्यांच्याच विहिरीचं विचारलं. "पूर्वी विहीर आटायची का?" "आटायची की. पाऊस नसला की आटायचीच." "आणि शेजारच्या उसवाल्यानं पाचशे फुटांचं बोअर मारल्यावर?" यावर तात्यांना बरंच काही बोलायचं होतं. पावसानं विहीर पूर्वीही आटत होती, म्हणून आज ती बोअरमुळे आटत नाही असं काही ठरत नाही. कारण शोधावं लागतं. पाऊस किती झाला, भूजल कधीपासून खाली गेलं, मोटार चालू असताना पातळी किती उतरते, हे पाहावं लागतं. हवेच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं आहे, आणि त्यासाठी दीडशे वर्षांहून जास्त काळ खर्च झाला आहे.

कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात ठेवली तर साध्या हवेपेक्षा जास्त तापते, हे युनिस फूट या अमेरिकी स्त्रीनं 1856 मध्ये दाखवलं. 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णतेचे अदृश्य किरण अडवतो हे मोजून दाखवलं. 1896 मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हातानं गणितं करून सांगितलं की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज याहून कमी, तीन अंशांच्या आसपास आहे. पण दिशा त्यांनी बरोबर ओळखली होती.

तेव्हाही वाद झाला, आणि तो खरा वाद होता. 1900 च्या सुमारास स्वीडनचेच भौतिकशास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी आक्षेप घेतला: हवेत आहे तेवढा वायू किरण अडवायला पुरेसा आहे, आणखी मिसळून काय फरक पडणार? आक्षेप वजनदार होता. अनेक वर्षं बहुतेकांना तो पटलाही. 1938 मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्रज अभियंत्यानं जगभरच्या नोंदी गोळा करून पृथ्वी तापते आहे आणि कारण कोळसा आहे असं मांडलं, तेव्हा हवामानतज्ज्ञांनी त्यांचं फारसं ऐकलं नाही. आक्षेपाचं उत्तर 1950 च्या दशकात मिळालं. उष्णता जमिनीवरून थेट अवकाशात जात नाही, ती थराथरानं वर सरकते. वरच्या विरळ थरांत वायू वाढला की उष्णता बाहेर पडण्याची जागा आणखी उंचावर, आणखी थंड थरात जाते, आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. मतभेद असा मिटला. कोणी आवाज चढवला म्हणून नव्हे, मोजमाप वाढलं म्हणून.

तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "बरं, वायू वाढला. पण तो आपलाच कशावरून? धूर तर या आगटीतूनबी निघतोय."

हा मला सगळ्या वादातला सर्वात सुंदर प्रश्न वाटतो, कारण याचं उत्तर हवेतच लिहिलेलं आहे. आगटीतल्या गोवरीतला कार्बन कुठून आला? बैलानं कडबा खाल्ला, कडब्यानं गेल्या हंगामात तो हवेतून घेतला. आज तो हवेत परत चालला आहे. पुढच्या पेऱ्याची ज्वारी तो पुन्हा घेईल. हा फेरा हजारो वर्षं चालू आहे. आता आहेरवाडी-फताटेवाडीच्या औष्णिक प्रकल्पात जळणाऱ्या कोळशासारखा कोळसा घ्या. तोही कधीकाळी झाडच होता, पण आपल्या देशातला बहुतेक दगडी कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना आहे. तो कार्बन या फेऱ्यातून केव्हाच बाहेर पडून जमिनीत गाडला गेला होता.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 नावाचा किरणोत्सारी प्रकार किंचित असतो. सुमारे 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. गोवरीत तो सापडतो. 25 कोटी वर्षांच्या कोळशात त्याचा मागमूस उरत नाही. कोळसा आणि तेल जळून हवेत मिसळू लागलं, तर हवेतला कार्बन-14 चा वाटा पातळ व्हायला हवा. 1955 मध्ये हान्स स्यूस यांनी झाडांच्या लाकडात हे पातळ होणं मोजलं. दुसरी खूण कार्बन-13 ची. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-12 जास्त उचलतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात कार्बन-13 कमी असतो. हवेतलंही त्याचं प्रमाण वर्षानुवर्षं घसरत आहे.

तिसरी खूण मला जास्त आवडते. 12 किलो शुद्ध कार्बन जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरचे 32 किलो कुठून येतात? हवेतल्या ऑक्सिजनमधून. हा वाढलेला वायू समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून आला असता तर हवेतला ऑक्सिजन घटला नसता. जळणातून आला असेल तर घटायला हवा. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइडची रोजची मोजणी सुरू केली. त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी ऑक्सिजन मोजायची पद्धत बसवली. बापाचा आलेख वर जातो, मुलाचा आलेख खाली येतो. श्वासाला कमी पडावा इतका ऑक्सिजन घटलेला नाही, काळजी नको. पण जळणाचा हिशेब त्यात दिसतो.

बापाच्या आलेखाचे आकडे असे: 1958 मध्ये हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग, 2024 मध्ये 420 हून अधिक. कारखाने सुरू होण्याआधी 280 होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून मागची आठ लाख वर्षं वाचता येतात. त्यात कुठेही 300 च्या फार वर आकडा गेलेला नाही.

ज्वालामुखींचा मुद्दा नेहमी निघतो, तसा तिथेही निघाला. सोलापूरकरांनी तो काढावा हे एका अर्थी योग्यच आहे. आमच्या पायाखालची काळी माती ज्या खडकाची झाली, तो दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच आहे, आणि त्या उद्रेकांनी तेव्हा हवामान बदललंही. पण आजचे ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी आहे. माणूस केवळ कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला 3,700 कोटी टनांच्या आसपास सोडतो. "हवामान तर निसर्गतः नेहमीच बदलत आलं आहे" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की ते बदलतं, याचाच अर्थ ते ढकललं की हलतं. ढकलणारा कोण, एवढं पाहायचं राहतं.

आणि सूर्य? तात्यांच्या अंगावरच्या चादरीकडे मी बोट दाखवलं. थंडीत चादर घेतली की आत ऊब साठते, आणि चादरीच्या बाहेरच्या अंगाला मात्र गार लागतं, कारण आतली उष्णता बाहेर येत नाही. सूर्यच जास्त तापला असता तर आत-बाहेर दोन्हीकडे तापायला हवं. शुकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी 1967 मध्येच गणितानं सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर जमिनीलगतची हवा तापेल आणि स्थितांबर, म्हणजे तिच्या वरचा उंचावरचा थर, थंड होईल. नंतर उपग्रहांना आणि फुग्यांना तेच दिसलं. स्थितांबर थंड होण्यात ओझोनच्या घटीचाही वाटा आहे, पण त्याच्या वरच्या भागात मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडच आहे. मानाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सूर्याची ऊर्जा 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह मोजत आहेत. तिच्यात वाढीचा कल नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या जमिनीवर रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगानं तापल्या. गच्चीवर पाणी मारून झोपणाऱ्या सोलापूरकराला रात्र न निवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

मग एवढं असूनही वाद का उरला? काही अंशी तो मुद्दाम पेटता ठेवला गेला. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1977 ते 2003 या काळात केलेले तापमानवाढीचे अंदाज बहुतांशी अचूक होते, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. बाहेर मात्र ती कंपनी अनिश्चिततेची भाषा बोलत होती. मला याचा राग येतो. शंका घेणं हे विज्ञानाचं काम आहे, आणि त्याच शंकेचा माल करून विकला गेला. तापमानवाढ माणसामुळेच आहे, हे 97 टक्के शास्त्रज्ञांचं मत सांगून लोकांना गप्प बसवणंही मला फारसं पटत नाही. मतमोजणीनं तात्या हलले नसते. गोवरी आणि कोळशानं ते जरा सरकले.

पण आपल्याकडचा नकार तेल कंपनीनं विकत दिलेला नाही. त्याची मुळं वेगळी आहेत, हे मला त्या रात्री नीट कळलं. तात्या म्हणाले, "माणसामुळं, माणसामुळं म्हणता. कुठल्या माणसामुळं? माझ्याकडं एक मोटार आन् दोन बल्ब."

भौतिकशास्त्र एवढंच सांगतं की वायू जळणातून आला. जळण कोणी केलं हा हिशेब वेगळा, आणि तो सरळ मांडायला हवा. एका अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड, भारतीयामागे 2 टनांच्या आसपास. आजवर साठलेल्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या जवळ, भारताचा त्या तुलनेत अगदी लहान. पोटासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एका तागडीत तोलू नका, असं पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्येच सुनावलं होतं. 1992 च्या जागतिक हवामान करारात जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हे तत्त्व आलं. "माणूस जबाबदार" हे वाक्य ऐकताना खडी फोडलेल्या माणसाला आपल्यावर आळ येतो आहे असं वाटतं, आणि आळ झटकताना तो विज्ञानही झटकून टाकतो. बोलणाऱ्यानं ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला हवीत. मी त्या रात्री सुरुवातीला ठेवली नव्हती.

दुसऱ्या बाजूची चूकही सांगायला हवी. सगळं तापमानवाढीवर टाकून आपण मोकळे होतो. उजनी धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळातला साठाच उरतो, त्याला कमी पाऊस हे एक कारण आहे. पण तुटीच्या पावसाच्या जिल्ह्यात एवढा ऊस आणि एवढे साखर कारखाने, हा निर्णय कुठल्या वायूनं घेतलेला नाही. पावसाचं गणितही तापमानाइतकं सरळ नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशानं वाढलं. धूर आणि धुळीच्या कणांनी ऊन अडवल्यामुळे ही वाढ काहीशी झाकली गेली. त्याच अहवालात 1951 ते 2015 दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटल्याचंही आहे, आणि त्यातही या कणांचा हात मानला जातो.

शेवटी तात्यांनी पुराचंच विचारलं. "मग सप्टेंबरचा पूर कुणाच्या खात्यावर मांडायचा?" मी म्हणालो, अख्खा पूर मला कुणाच्याच खात्यावर मांडता येणार नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळायची शक्यता वाढते. बाकी धरणातून पाणी कधी सोडलं, ओढ्यात बांधकाम कोणी केलं, नदीचं पात्र कोणी बुजवलं, ही वेगळी खाती.

"बुजवलंय," तात्या म्हणाले. "नावं सांगू का?"

तेवढ्यात पलीकडच्या शेडमधला लाल दिवा लागला. थ्री फेज आली होती. तात्यांनी चादर खांद्यावर टाकली, बॅटरी उचलली आणि मोटार चालू करायला बांधावरून निघून गेले.